पेरणीच्या दिवसांतला सल्ला

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या दर्यापूर भागातल्या शेतकऱ्याच्या घरात पैसा एकच असतो आणि त्याच्यावर हक्क सांगणारे दोघे असतात. एकीकडे कृषी केंद्रावर कपाशीच्या पाकिटांचे, तुरीच्या बियाण्याचे आणि खताच्या पोत्यांचे पैसे मोजायचे असतात. दुसरीकडे नेमक्या त्याच दिवसांत दहावी-बारावी झालेल्या पोराची टीसी, दाखले, क्लासची फी आणि अकोल्या-अमरावतीतल्या खोलीची अनामत दारात येऊन उभी राहते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा. जमीन काळी आणि खोल, पण विहिरीचे पाणी खारट, त्यामुळे ओलिताचा भरवसा नाही आणि वर्षाचा सगळा हिशेब पावसावर. अशा घरातला बाप पोराला मोटारसायकलवर मागे बसवून माझ्या ओसरीवर येतो आणि "सर, याले कुठी टाकू, सांगा बरं" असे विचारतो, तेव्हा मी जे काही बोलेन त्याची किंमत त्या एकाच पैशातून जाणार असते. माझ्या खिशाला तोशीस नसते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. निवृत्त माणसाकडे वेळ असतो आणि गावाला ते ठाऊक असते, म्हणून निकालाच्या दिवसांत ओसरीवरची सतरंजी उचलली जात नाही. "सरांनी सांगितलं" हे वाक्य आमच्याकडे घरातला वाद मिटवण्याच्या कामी येते. आईला पोरगी जवळच्या महाविद्यालयात हवी असते, बापाला तिने नर्स व्हावे असे वाटते, काकाच्या डोक्यात तिसरेच असते. चार दिवस कुरबुर चालते आणि मग कोणीतरी माझे नाव घेते, की विषय संपतो. शहरातल्या पालकाला सहकारी असतो, शेजारी अभियंता असतो, मेहुणा बँकेत असतो, म्हणजे एक मत चुकले तर त्याला तोलायला आणखी तीन असतात. इथे पुष्कळदा माझ्या मतासमोर दुसऱ्या पारड्यात काहीच नसते. हा मान सुखावतो, हे मी नाकारत नाही. पण तो सुखावू लागला की "पाहून सांगतो" हे दोन शब्द माणसाच्या तोंडून निघेनासे होतात.

माझे तसे २०२५ च्या पावसाळ्यात झाले. शेजारच्या गावचा एक मुलगा अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी आला होता. सीईटीला गुण चांगले होते आणि त्याची मागणी अगदी सरळ होती: अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. फी झेपणारी, मामाच्या घरी राहायची सोय, आणि पेरणी-वेचणीच्या वेळी दोन तासांत घरी येता येईल असे अंतर. मी मात्र त्याच्यापेक्षा जास्त उत्साहात होतो. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत मी त्याला पसंतीच्या फॉर्मात फक्त मोठी नावे भरायला लावली आणि त्याला काहीच मिळाले नाही. दुसऱ्या फेरीच्या फॉर्मात अमरावती घातली ती चौथ्या क्रमांकावर. वरती पुण्याची तीन नावे तशीच ठेवली. माझे म्हणणे असे, की आपला नंबर कुठवर पोहोचतो ते तरी कळेल, आणि पहिली पसंती सोडून काहीही मिळाले तरी आपण बांधील नसतो, पुढच्या फेरीत क्रम बदलून अमरावती वर आणता येईल. आधीच्या काही वर्षांत हे चालून गेले असते. त्या वर्षी नियम बदलला होता. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणतीही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही जागा मिळाली, की ती आपोआप पक्की, म्हणजे ऑटो फ्रीझ; ती घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडायचे. मुलाला तिसऱ्या क्रमांकाचे पुण्याचे खासगी महाविद्यालय मिळाले.

ऑगस्ट होता. घरात होता-नव्हता तो पैसा दुबार पेरणीत आणि फवारणीत गेलेला होता. शिष्यवृत्ती मिळाली असती, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ताही कदाचित मिळाला असता, पण तो पैसा मागाहून खात्यात येतो आणि पुण्यातला खोलीवाला आणि मेसवाला आधी मागतो. त्यांनी ती जागा सोडली. पुढे त्या फेरीचा कटऑफ मी पाहिला. अमरावतीला त्याच्याहून कमी पर्सेंटाईलच्या मुलांना जागा मिळाल्या होत्या. त्याने पहिल्या क्रमांकावर अमरावती लिहिली असती, म्हणजे माझ्याकडे येण्याआधी जे त्याच्या मनात होते तेच लिहिले असते, तर काम झाले असते. नियम माहितीपत्रकात छापलेला होता. मी ते उघडले नव्हते. मुलाचा बाप ओरडला नाही, भांडला नाही. जाताना चपला पायात घालत एवढेच म्हणाला, "तुम्ही तं म्हणे, काही होत नाही."

त्याच आठवड्यात मी दोनशे पानांची एक वही आणली आणि तिच्यात रकाने आखले: तारीख, कोण आले, काय विचारले, मी काय सांगितले, ते मला कुठून कळले, आणि पुढे काय झाले. पाचव्या रकान्याने मला पहिल्याच महिन्यात शरम आणली. "कुठून कळले" याखाली मी प्रामाणिकपणे लिहू लागलो तेव्हा निम्म्या नोंदींपुढे "आठवते त्यावरून", "मागच्या वर्षी एकाला असे झाले होते" आणि "पेपरात वाचले असावे" अशी उत्तरे निघाली. सहावा रकाना तर बहुतेक कोराच आहे, आणि तो कोरा का आहे याचा विचार करताना मला एक गोष्ट उमगली जी एकतीस वर्षांत उमगली नव्हती. ज्याचे भले होते तो पेढे घेऊन येतो. ज्याचे बिघडते तो येत नाही. तो रस्त्यात भेटला तर नजर चुकवतो किंवा उलट जास्त नम्रपणे नमस्कार करतो. म्हणजे सल्ला देणाऱ्याच्या कानावर वर्षानुवर्षे फक्त पेढेवालेच येतात, आणि त्याची हळूहळू खात्री पटत जाते की आपले कधी चुकत नाही. आता दिवाळीनंतर मी स्वतःच फोन करतो, नाहीतर बाजाराच्या दिवशी गाठतो. हे काम सल्ला देण्याहून जड जाते, कारण काही फोनांवर पलीकडून पुष्कळ वेळ कोणी बोलत नाही.

दुसरा बदल असा केला, की आधी विचारायचे. गाडगेबाबांचे शेंडगाव आमच्यापासून फार लांब नाही. १८७६ मध्ये ते तिथे जन्मले आणि त्यांच्या कीर्तनाची आठवण या मुलखात अजून सांगितली जाते. ते लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न, आणि शेवटी जे सांगायचे ते ऐकणाऱ्याच्याच तोंडून बाहेर येई. जेवायची ताटे मोडावी लागली तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शिकवा, हा त्यांचा आग्रह सर्वांना ठाऊक आहे. त्यांची विचारण्याची रीत मात्र आम्हा मास्तर लोकांनी घेतली नाही. आमची सवय उत्तर देण्याची. वर्गात ती ठीक असते, कारण तिथे प्रश्न पुस्तकातला असतो. ओसरीवर आलेला प्रश्न अर्धाच असतो, उरलेला अर्धा विचारणाऱ्याच्या घरात असतो.

आणि तो अर्धा भाग बापासमोर बाहेर पडत नाही, हेही मी उशिरा शिकलो. मागच्या वर्षी एक मुलगा नीटचे, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीचे, दुसरे वर्ष करायचे की नाही ते विचारायला वडिलांसोबत आला. ७२० पैकी ३१० गुण होते. वडील म्हणत होते, "एक साल अजून देतो जी, वावर मक्त्यानं लावून देतो, पण डाक्टर झाला पाह्यजे." अशा वेळी दोन तयार उत्तरे असतात: एक म्हणजे जिद्द धर, दुसरे म्हणजे नाद सोड. दोन्ही सोपी, दोन्हींना टाळ्या मिळतात. २०२४ मध्ये ही परीक्षा देशभरात २३ लाखांहून अधिक मुलांनी दिली आणि एमबीबीएसच्या सरकारी-खासगी मिळून जागा सव्वा लाखाच्या आत होत्या, हे मी सांगू शकत होतो. पण आकड्यातून त्या एका मुलाचे काय करायचे ते निघत नाही. मी वडिलांना चहा दिला आणि मुलाला म्हटले, चल, एसटी स्टँडवरून पेपर आणू. वाटेत मी त्याला भविष्याबद्दल काही विचारले नाही. अकोल्यात दिवस कसा जायचा ते विचारले. सकाळी किती वाजता उठायचास, मेसमध्ये काय असायचे, सराव परीक्षेचा पेपर घरी आणून पुन्हा सोडवायचास का. रसवंतीजवळ पोहोचेपर्यंत त्याने सांगितले, की जीवशास्त्राचे पुस्तक तो नोव्हेंबरनंतर उघडतच नव्हता. खोलीतल्या खोलीत झोपून राहायचा आणि घरी फोनवर "चालू आहे" म्हणायचा. त्याला यंत्रांची आवड होती, गावात कोणाचाही मोटारपंप बिघडला की त्यालाच बोलावत. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि बारावी विज्ञान झालेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मीही त्याला तेव्हा "तू हे कर" म्हटले नाही. घरी परतल्यावर वडिलांना म्हटले, मक्त्याचा कागद करण्याआधी हा तुमच्याशी काहीतरी बोलणार आहे, ते न रागावता ऐका. त्या नोंदीचा सहावा रकाना भरलेला आहे. वावर मक्त्याने गेले नाही, एवढेच त्यात लिहिले आहे. मुलगा खूश आहे की नाही ते मला अजून नीट कळलेले नाही.

या सगळ्यात सर्वांत उपयोगाचा सल्ला सर्वांत नीरस असतो, आणि म्हणून तो कोणी देत नाही. कोणती शाखा घ्यावी, कशाला मागणी आहे, यावर आमच्या चौकातला पानठेलेवालाही अर्धा तास बोलेल. पण अकरावी विज्ञानातल्या मुलीला "तुझी जात वैधता झाली का?" असे विचारणारा विरळा. जातीच्या प्रमाणपत्राला समितीची वैधता नसेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची राखीव जागा हातात येऊन निसटते, आणि हे कळते तेव्हा बहुधा ऑगस्ट लागलेला असतो. इतर मागासवर्गाच्या कुटुंबाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. गेल्या हिवाळ्यात एक मुलगी प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आली होती. वडिलांची टीसी होती, पण ती १९८० नंतरची. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, मग त्यांची टीसी कुठून असणार? सेतू केंद्रावर तिला "पुरावा नाही, होणार नाही" असे सांगून परत पाठवलेले. मी तिला विचारले, आजोबांना भाऊ-बहीण किती? पाच. त्यांतला कोणी ना कोणी गावातच जन्मला असणार, आणि वऱ्हाडातल्या गावाच्या जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाच्या पुस्तकात होत असे. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून तिच्या वडिलांनी तीन चकरा मारल्या तेव्हा कोतवाल बुकाची नक्कल हातात आली: फिकट शाईत पणजोबांचे नाव, त्यापुढे जात, आणि "यास मुलगा झाला". त्या एका ओळीसाठी ती मुलगी ती नक्कल पुन्हा पुन्हा वाचत होती. नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावरची ३१ मार्च ही मुदत, उत्पन्नाचा दाखला, आधारवरच्या आणि टीसीवरच्या नावातला एका अक्षराचा फरक, हे सगळे याच प्रकारचे प्रश्न. आणि मुलींच्या बाबतीत आणखी एक: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि इतर मागासवर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क २०२४ पासून पूर्ण माफ आहे, हे ठाऊक नसल्यामुळे "पोरीले कायले एवढा खर्च" म्हणून चांगल्या गुणांच्या पोरी घरी बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

जुने ज्ञान कसे कुजते याचे एक उदाहरण मला आवडते, कारण त्यात कोणाची वाईट बुद्धी नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाची, जे १९६९ मध्ये सुरू झाले, स्वतःची प्रवेश परीक्षा असे आणि तिच्यात गांधीविचारांवर वेगळी प्रश्नपत्रिका असे. नीट आल्यावर ती परीक्षा बंद झाली. तरी आमच्या ओळखीचे एक वृद्ध सर्वोदयी गृहस्थ पुढे कित्येक वर्षे भेटेल त्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगत, "बापूंचे वाचून ठेव, सेवाग्रामला कामी येते." वाचून कोणाचे नुकसान झाले नाही, हे खरे. माझ्या ऑटो फ्रीझचे तसे नव्हते. म्हणून आता मी काही सांगितले की त्याला साल जोडतो: हे मला २०२४ मध्ये असे दिसले, यंदाचे तू माहितीपत्रकात पाहा, आणि पाहिलेस की मला दाखव.

दलालांबद्दल फार लिहीत नाही. भाड्याच्या हॉलमध्ये नर्सिंगचा "कोर्स" चालवणारे, नर्सिंग परिषदेची मान्यता विचारली की "प्रोसेसमध्ये आहे" म्हणणारे, एका विद्यार्थ्यामागे मास्तरला ठरावीक रक्कम देऊ करणारे सगळ्यांनी पाहिलेले आहेत. एका क्लासवाल्याने मला दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा पाठवला होता आणि मी तो ठेवून घेतला होता, ही कबुली मात्र इथे देतो. त्या वर्षी मी त्या क्लासचे नाव जास्त वेळा घेतले का? मला वाटते, नाही. पण हे माझे मलाच विचारावे लागले, एवढ्यात डब्याचे काम झाले.

एका संध्याकाळचे सांगितले पाहिजे. बारावीचा निकाल लागला होता, उकाडा मरणाचा, वीज गेलेली. एक मुलगा एकटाच आला. दोन विषय गेले होते. माझ्या जिभेवर माहिती तयार होती: उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन आहे, जून-जुलैत पुरवणी परीक्षा आहे, वर्ष वाया जात नाही. मी निम्मे बोललोही. मग लक्षात आले, की तो ऐकत नाही, त्याने मोबाईल बंद करून ठेवला आहे, आणि "सर, तुमचं पुस्तक द्यायचं राहिलं होतं" म्हणून त्याने मागच्या वर्षीचे एक पुस्तक सतरंजीवर ठेवले आहे. मी बोलणे थांबवले. त्याला सरळ विचारले, की जिवाचे काही बरेवाईट करायचा विचार मनात येतो आहे का. असे विचारल्याने विचार डोक्यात घुसतो असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही, उलट पोर मोकळे होते. तो रडला. त्या रात्री मी त्याला एकटे सोडले नाही, माझ्या घरी जेवला, त्याच्या मोठ्या भावाला बोलावून घेतले आणि १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक, जो २०२२ पासून चालू आहे आणि जिथे मराठीत बोलता येते, तो दोघांसमोर लावून दिला. पुरवणी परीक्षेचा विषय चार दिवसांनी काढला. त्या दिवशी मी मास्तर म्हणून काही सांगण्याच्या लायक नव्हतो, आणि तसे असण्याची गरजही नव्हती.

पुण्याची जागा सोडलेला तो मुलगा आता तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि पुन्हा सीईटी देतो आहे. गेल्या रविवारी बाप-लेक दोघे आले. ते पुन्हा माझ्याच ओसरीवर आले याचे मला आश्चर्य वाटले आणि थोडी भीतीही. बापाने गाडीवरून उतरता उतरताच विचारले, "यंदा पक्कं सांगा सर, पहिलं नाव कोणतं टाकाचं?" मी मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, अमरावती. मी म्हटले, मग तेच. "आणि नियम?" बापाने विचारले. मी म्हटले, यंदाचे माहितीपत्रक अजून निघालेले नाही. निघाले की त्याने छापून आणावे, आपण तिघे बसून पहिल्या पानापासून वाचू, तोवर मला काही सांगता येणार नाही. बापाने पोराकडे पाहिले आणि निराश होऊन म्हटले, "सर आता पहिल्यासारखं सांगत नाहीत." वहीत त्या तारखेला चौथ्या रकान्यात मी लिहिले: काही सांगितले नाही.